रातराणी आली, फुलपाखरू तिकडेच राहिले

“रातराणी दारात लावू नका, साप येतो,” हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे मराठी घर मला अजून भेटायचे आहे. बेळगावात ते ऐकू येते, बडोद्यात ऐकू येते, हैदराबादेतल्या फ्लॅटच्या गॅलरीत ठेवलेल्या कुंडीबद्दलही ऐकू येते. (तिसऱ्या मजल्यावर साप कसा चढणार, हे विचारायचे नसते.) खरे तर सापाला फुलाच्या वासाशी काही देणेघेणे नसते. गर्द झुडपाखाली बेडूक, उंदीर, पाली सापडतात आणि लपायला जागा मिळते, म्हणून तो येतो. तसा तो मोगऱ्याखालीही येईल.

पण आज विषय सापाचा नाही. ज्या झुडपाबद्दल आपल्या आज्यांनी इतके ठाम नियम घालून दिले, ते मुळात आपल्याकडचे नव्हेच. रातराणी मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीज बेटांकडची. रस्त्याच्या कडेला, डोंगरउतारावर माजलेली घाणेरी, म्हणजेच टणटणी, तीही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. शोभेचे झाड म्हणून आणली आणि मग कुणाच्या बापाला आवरेना. आणि गोवा, कोकण, बेळगावचा घाटमाथा इथे मोकळी जागा दिसली की मुसंडी मारणारी रानमोडी, तिचेही माहेर तेच. ही तिन्ही झाडे आपल्याला इतकी सवयीची झाली आहेत, की त्यांना तिकडे कोणी खाणारे, त्यांच्या जिवावर जगणारे असेल, हे डोक्यातच येत नाही. आणली ती झाडे. त्यांची माणसे, म्हणजे त्यांचे किडे आणि फुलपाखरे, तिकडेच राहिली.

त्यांतल्याच एका फुलपाखराबद्दल आज लिहिते. त्याचे शास्त्रीय नाव ग्रेटा ओटो. इंग्रजीत त्याला ग्लासविंग म्हणतात, स्पॅनिशमध्ये एस्पेहितोस, म्हणजे छोटे आरसे. मी आपले काचपंखी म्हणते. पंख पसरल्यावर ते पाच-सहा सेंटिमीटर भरते, म्हणजे आपल्या अंगणात येणाऱ्या मध्यम आकाराच्या फुलपाखराएवढे. पंखांची कड तपकिरी, तिला जराशी नारिंगी-तांबूस झाक, पुढच्या पंखाच्या टोकाजवळ एक पांढरा पट्टा. मधला सगळा भाग आरपार. फुलावर बसले की पंखांतून मागचे फूल दिसते. मी कोस्टा रिकाला गेलेले नाही. काचपंखी पाहिले ते चित्रफितींमध्येच. पहिल्यांदा पाहताना मला वाटले, नुसती चौकटच उडते आहे, कोणीतरी काच बसवायची विसरून गेले आहे.

मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकापर्यंत ते आढळते. पण त्याचा जितका अभ्यास कोस्टा रिकातल्या मॉन्टेव्हर्दे या डोंगरावर झाला, तितका फार थोड्या ठिकाणी झाला असेल, म्हणून आपण तिथेच जाऊ. मॉन्टेव्हर्दे समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० ते १,५०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा किंचित उंच. तिथले जंगल मेघवन या प्रकारातले. कॅरिबियन समुद्रावरून येणारा दमट वारा डोंगरावर चढतो, वर गार होतो आणि त्याचे ढग होतात. ते ढग झाडांच्या वर न राहता झाडांमधूनच वाहतात. पाऊस पडत नसला तरी पाने, फांद्या, शेवाळ हे त्या ढगातले पाणी गाळून घेतात आणि खाली टपटप पाणी सुरूच राहते. जुलैत आंबोलीला किंवा चोर्ला घाटात गाडी थांबवून जे खाली उतरले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की आपल्याकडे तो प्रकार चार महिन्यांचा. तिकडे कोरड्या मोसमातही ढग येत राहतात, आणि कोरड्या मोसमात जंगल जगते ते या ढगांवरच. फांद्यांवर ऑर्किडे, नेचे, शेवाळ यांचे थरच्या थर. जमिनीलगत अंधूक हिरवा उजेड.

काचपंखी राहते ते या अंधूक उजेडात. झाडांच्या शेंड्यावर नाही, उघड्या माळावर नाही. माणसाच्या गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर, झुडपांमधून, संथ, तरंगत. असा उजेड, त्यात पानांतून झिरपणारे कवडसे, आणि त्यात आरपार पंखांचा जीव. तो हलताना दिसतो आणि क्षणात नाहीसा होतो.

आता पंख आरपार होतात कसे, ते पाहू. फुलपाखराला हात लावल्यावर बोटांना जी पूड लागते, ते त्याचे खवले असतात. कौलांसारखे एकावर एक बसवलेले, आणि रंग त्यांच्यातच. काचपंखीच्या आरपार भागात हे खवले विरळ असतात आणि केसांसारखे बारीक झालेले असतात. पण तेवढ्याने भागत नाही. खिडकीची काचही आरपारच असते, तरी ती उन्हात चमकते आणि तिच्यात आपला चेहरा दिसतो. जंगलात पंख असा चमकला, तर पक्ष्याला आमंत्रणच. काचपंखीचा पंख चमकत नाही. का, ते २०१५ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी दाखवून दिले. पंखाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खांबांचे रान असते. खांब ४०० ते ६०० नॅनोमीटर उंच. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. यातली गंमत अशी, की हे खांब एका उंचीचे नसतात, ओळीतही नसतात, वेडेवाकडे उगवलेले असतात. हवेतून आलेल्या प्रकाशाला पंखाचा कठीण पृष्ठभाग एकदम लागत नाही, हळूहळू लागत जातो, आणि म्हणून तो फारसा परतत नाही. साध्या काचेवरून समोरून पडलेला प्रकाश आठ टक्क्यांच्या आसपास परत येतो, तिरपा पडला तर कितीतरी जास्त. काचपंखीच्या पंखावरून तो दोन ते पाच टक्केच परततो, तिरपा पडला तरीही. मोबाइलच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नाही म्हणून आपण हाताचा आडोसा करतो ना, त्यावरचा उपाय म्हणून या पंखाकडे बऱ्याच जणांचे लक्ष आहे.

२०२१ मध्ये आणखी एक गोष्ट समजली. कोशात असतानाच पंख कसा घडतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासकांनी टप्प्याटप्प्याने पाहिले. या गटात निपम पटेल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. ते वुड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक. त्यांना आढळले, की ते खांब मेणाचे असतात. पंखाचा पाया कायटिनचा, म्हणजे कोळंबीचे कवच ज्या द्रव्याचे असते त्याचा, आणि वर मेणाचा थर. द्रावकाने मेण धुऊन काढले, तर पंखावरून परतणारा प्रकाश साधारण अडीच पट वाढला. हे सगळे ज्या जिवाचे वजन तुमच्या हाताला जाणवणारही नाही, त्याच्या अंगावर!

आता परत रातराणीकडे येऊ. काचपंखीची मादी अंडी घालते ती सेस्ट्रम प्रजातीच्या झुडपांच्या पानांवर, आणि आपली रातराणी याच प्रजातीतली. कूळ वांगी, मिरची, टोमॅटो, धोत्रा यांचे. म्हणजे पानांत विषारी रसायने असलेले. अळी ती पाने खाऊन वाढते. मग तिचा कोश होतो, आणि तो असा चकचकीत रुपेरी असतो, की पानाखाली कोणी पाऱ्याचा थेंब लटकवला आहे असे वाटावे.

हे वाचून कोस्टा रिकाचे तिकीट काढायची गरज नाही. असा कोश पाहायचा असेल, तर तुमच्या सोसायटीतली कण्हेर बघा. काचपंखी ज्या उपकुळातले, त्याच उपकुळातले आपल्याकडचे काळपट तपकिरी फुलपाखरू म्हणजे कॉमन क्रो. त्याची अळी कण्हेरीवर, वड-उंबरावर वाढते. अंगावर गडद-पांढरे आडवे पट्टे आणि शिंगांसारखे काळे लांब दोरे. तिचा कोशही आरशासारखा चकाकतो; नीट पाहिले तर त्यात आपला वाकडातिकडा चेहरा दिसतो. आमच्या कुंपणाच्या कण्हेरीवर पावसाळ्यात हे कोश दरवर्षी सापडतात, आणि दरवर्षी कोणीतरी शेजारी ते दिवाळीच्या झिरमिळ्या समजून हात लावायला जातो. अळ्यांनी पाने खाल्ली म्हणून लगेच फवारणी करू नका. कण्हेर पुन्हा फुटते.

आता मला या विषयात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. आपल्याकडे रुईवर वाढणारे प्लेन टायगर फुलपाखरू आपले विष अळी असतानाच रुईतून घेते आणि मोठेपणी त्याच शिदोरीवर जगते. काचपंखी आणि त्याची भावंडे यांचे तसे नाही. या गोतावळ्यात जवळजवळ चारशे जाती आहेत, सगळ्या अमेरिका खंडातल्या. त्यांचे मुख्य संरक्षण बालपणी मिळत नाही. पंख आल्यावर मिळवावे लागते. रानमोडीच्या कुळातल्या काही झाडांच्या फुलांत आणि वाळक्या भागांत कडू अल्कलॉइड असतात. प्रौढ फुलपाखरे, विशेषतः नर, ती शोधत फिरतात आणि शोषून घेतात. मध पोट भरण्यासाठी, त्यासाठी घाणेरीसारखी फुले चालतात. हे मात्र औषध म्हणून.

ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या कीथ ब्राउन यांनी १९८४ मध्ये ही गोष्ट एका कोळ्याच्या साहाय्याने स्पष्ट केली. तो कोळी म्हणजे सह्याद्रीत दोन झाडांमध्ये सोनेरी जाळे विणून बसणाऱ्या जायंट वुड स्पायडरचा तिकडचा नातेवाईक. या गोतावळ्यातले रानातले फुलपाखरू जाळ्यात अडकले, की कोळी धावत येतो, चाचपतो, आणि मग जाळ्याचे धागे तोडून त्याला चक्क सोडून देतो. फुलपाखरू धडधाकट उडून जाते. पण नुकतेच कोशातून बाहेर आलेले, त्या झाडांपर्यंत अजून न पोहोचलेले फुलपाखरू दिले, तर कोळी ते खाऊन टाकतो. त्याच फुलपाखराला अल्कलॉइड लावले, की पुन्हा सुटका.

कोणी विचारील, अंगात एवढे कडू असताना लपायचे कशाला? विषारी फुलपाखरे भडक रंगाची असतात, असे शाळेत शिकवतात. मला वाटते उत्तर या कोळ्याच्या गोष्टीतच आहे. पहिले काही दिवस अंगात पुरेसे कडू नसते, तेव्हा न दिसणे बरे. आणि नंतरही, चव कळण्याआधी पक्ष्याची चोच तर बसतेच. न दिसणे ही पहिली भिंत, कडूपणा ही दुसरी.

नर या अल्कलॉइडचे आणखी दोन उपयोग करतात. त्यांपासून ते सुगंध बनवतात. मागच्या पंखाच्या वरच्या कडेला लांब केसांचा झुबका असतो, तो पसरून सुगंध हवेत सोडतात. जंगलातल्या सावलीच्या ठरावीक जागी बरेच नर जमतात आणि माद्या तिथे येतात. स्वयंवरच म्हणा, फक्त धनुष्याऐवजी अत्तर. आणि मीलनाच्या वेळी नर त्यातला काही साठा मादीला देऊनही टाकतो. आपल्याकडे याचे धाकटे रूप पाहायचे असेल, तर पावसाळा संपताना खुळखुळ्याच्या वाळत्या झुडपांपाशी उभे राहा. ब्लू टायगर, कॉमन क्रो यांची झुंबड उडालेली असते. त्यांना मध नको असतो. तीच कडू गोष्ट हवी असते.

एवढे वाचल्यावर ध्यानात आले असेल, की या फुलपाखराला एक झाड पुरत नाही. अळीला सेस्ट्रम, मोठ्याला मधाची फुले, कडूपणासाठी तिसरीच झाडे, आणि अंगावर ऊन नको म्हणून वर गर्द सावली. हे सगळे एका जागी बारा महिने मिळत नाही. म्हणून ऋतू बदलतो तसे काचपंखी डोंगरावर खाली-वर करते. मॉन्टेव्हर्देच्या एका अंगाला कोरडा पॅसिफिक उतार आहे, दुसऱ्या अंगाला ओला कॅरिबियन उतार. तिथल्या फुलपाखरांच्या कितीतरी जाती या दोन्हींमध्ये वर्षभर ये-जा करतात. पंढरीची वारी असते तशी ही डोंगराची वारी.

इथेच खरी अडचण आहे. मॉन्टेव्हर्देचे जंगल वाचले याचे श्रेय १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाहून येऊन वसलेल्या क्वेकर कुटुंबांना जाते. हे लोक युद्धाच्या विरोधातले. काहींनी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगवास भोगलेला. कोस्टा रिकाने नुकतेच, १९४८ मध्ये, आपले सैन्यच बरखास्त केले होते, म्हणून तो देश त्यांनी निवडला. त्यांनी गाई पाळल्या, चीज बनवले, आणि पाण्याचा उगम आटू नये म्हणून माथ्यावरचे जंगल राखून ठेवले. पुढे १९७२ मध्ये तिथे अभयारण्य झाले. सगळे छान. पण राखले गेले ते मुख्यतः माथ्याचे जंगल. पॅसिफिक बाजूचा उतार कुरणांसाठी तोडला गेला आणि तिथे जंगलाचे तुकडे उरले.

अभयारण्याच्या स्थापनेत पुढे असलेले जॉर्ज पॉवेल यांनी पुढे केत्साल या लांब शेपटीच्या हिरव्या पक्ष्यांना छोटे रेडिओ लावून पाहिले. पक्षी वर्षातले काही महिने अभयारण्य सोडून उतारावरच्या त्या तुकड्यांत राहतात, असे दिसले. म्हणजे ज्यांच्यासाठी अभयारण्य केले, तेच वर्षातला बराच काळ त्याच्या बाहेर. फुलपाखरावर रेडिओ लावणे सोपे नाही, पण त्याचीही गत तीच.

त्यात ढगही वर सरकू लागले. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून मॉन्टेव्हर्देत कोरड्या मोसमातले बिनधुक्याचे दिवस वाढत गेले, अशा नोंदी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जगात फक्त याच डोंगरावर राहणारा सोनेरी भेक १९८७ मध्ये हजाराहून जास्त संख्येने दिसला होता. १९८९ मध्ये एकच दिसला. त्यानंतर एकही नाही. बुरशीचा रोग आणि बदलते हवामान यांत दोष कोणाचा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. भेक गेला यावर नाही. काचपंखी अजून आहे, भरपूर आहे, आणि त्याचा प्रदेशही मोठा आहे, म्हणून त्याच्या नावाने आज गळा काढायचे कारण नाही. पण ढग वर सरकतो तेव्हा त्याच्यामागे जाणाऱ्याला वर जागा लागते, आणि डोंगर वर निमुळता होत जातो. खालचा उतार मोकळा ठेवणे म्हणूनच जास्त महत्त्वाचे.

ते काम कोणी केले, हे तुमच्यातल्या शाळकरी वाचकांना आवडेल. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या शाळेतल्या मुलांनी या जंगलाबद्दल ऐकले आणि जमीन विकत घेण्यासाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली. मग इतर देशांतली मुले सामील झाली. त्यातून कॅरिबियन उतारावर उभे राहिलेले राखीव जंगल आज बावीस हजार हेक्टरांहून मोठे आहे. त्याचे नावच ‘मुलांचे चिरंतन अरण्य’ या अर्थाचे आहे.

पॅसिफिक बाजूला जमीन गवळ्यांची आहे आणि ती सोडून जा, असे त्यांना कोणी सांगू शकत नव्हते. तिथे वेगळाच मार्ग निघाला. त्या उतारावर वारा इतका सोसाट्याचा, की कुरणात उघड्यावर उभ्या गाई गारठतात. म्हणून गोठे आणि कुरणे यांच्या कडेने झाडांच्या पट्ट्या लावायला शेतकऱ्यांना रोपे दिली गेली. शेतकऱ्यांनी ती लावली गाईंसाठी. पट्ट्या वाढल्या, त्यांवर पक्षी बसू लागले, त्यांच्या विष्ठेतून जंगलातल्या झाडांच्या बिया पडल्या आणि पट्ट्यांखालच्या सावलीत त्यांची रोपे उगवली. जंगलाचा एक तुकडा दुसऱ्याला जोडणाऱ्या सावलीच्या गल्ल्याच त्या. उन्हातले उघडे कुरण ओलांडायला का-कू करणाऱ्या जिवाला तेवढी गल्ली पुरते.